टॅब आहे, मग लॅपटॉप कशाला?

कामतघर, भिवंडी

ती. ताईस,


तुझं पत्र पोचलं. पोरीला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला, फार आनंद झाला. सीईटीच्या तयारीसाठी ‘महाज्योती’ या राज्य सरकारच्या संस्थेने दिलेला टॅब घरात आहे, मग लॅपटॉपचा खर्च कशाला, हा भावजींचा प्रश्न रास्त आहे. पण मला विचारशील तर लॅपटॉप घ्या.

टॅबला मी कमी लेखत नाही. बारावीत तिला व्याख्यानं ऐकायची होती, सराव परीक्षा द्यायच्या होत्या. त्याला टॅबच बरा. हलका, चार्जिंग टिकतं, संध्याकाळी वीज गेली तरी अभ्यास थांबत नाही. वाचणं, पाहणं, फॉर्म भरणं, पैसे पाठवणं एवढंच ज्याचं रोजचं काम आहे, त्याने लॅपटॉपवर पैसे घालू नयेत असं मी कोणालाही सांगेन.

माझंच बघ. इथल्या यंत्रमाग कारखानदारांचे हिशेब मी लिहितो. राज्याबाहेर निघालेल्या गाडीतला माल 50,000 रुपयांच्या वर असला की ई-वे बिल लागतं, ते मी गोदामात उभ्या उभ्या टॅबवर काढतो. एकट्या मालकाचं जीएसटी रिटर्न ओटीपीवर जातं, तेही टॅबवर होतं. पण फर्म कंपनी किंवा एलएलपी असली की डिजिटल स्वाक्षरी लागते. तिचं टोकन यूएसबीत घालायचं आणि सोबतचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरच चालवायचं. टॅली मुळात विंडोजसाठी. एक्सेल टॅबवर उघडतं, पण त्यातले मॅक्रो चालत नाहीत. सुताची चलनं एका बाजूला, बँकेचं स्टेटमेंट दुसऱ्या बाजूला, मध्ये खातं, असं तिन्ही एकदम डोळ्यांपुढे असल्याशिवाय फरक सापडत नाही. टॅबवर बोटाने पडदे सरकवत बसलं की डोकं शिणतं. कीबोर्ड विकत आणून जोडता येतो गं, माउसही जोडता येतो. खरी अडचण प्रोग्रामांची आहे.

आणि पोरीला तर प्रोग्रामच लिहायचे आहेत. सी किंवा पायथॉनचे छोटे धडे टॅबवर गिरवता येतील. पुढे डेटाबेस बसवायचा, प्रोजेक्टच्या वीस फायली एकत्र चालवून बघायच्या, तिथे अडेल. एक गोष्ट भावजींना मुद्दाम सांग. मोबाइलची ॲप ज्यात बनवतात तो अँड्रॉइड स्टुडिओ अँड्रॉइडच्याच टॅबवर चालत नाही. त्याला लॅपटॉप लागतो.

सरकारने विद्यार्थ्यांसाठी काढलेला ‘आकाश’ टॅब आठवतो का? 5 ऑक्टोबर 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत त्याचं अनावरण केलं. सात इंची पडदा, 256 एमबी रॅम. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून पेपरभर बातम्या होत्या. वर्षभराने ‘आकाश 2’ आला, तेव्हा पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांच्या चमूने त्यावर जीव ओतून काम केलं. मुलांना सी, सी++, पायथॉन, सायलॅब त्यावरच शिकता यावं अशी सोय केली, लिनक्सही चालवून दाखवलं. मला त्या माणसांबद्दल मनापासून आदर आहे. पोराच्या हातात नुसतं पाहायचं यंत्र देऊन भागत नाही, त्यावर त्याला काही घडवता आलं पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. योजना पुढे रेंगाळली, विरली. आजचे टॅब त्याच्या कितीतरी पुढे आहेत, तरी आपल्या खिशाला परवडणाऱ्या टॅबवर ती घडवण्याची सोय अजून अपुरीच आहे. महागडे टॅब लॅपटॉपच्या जवळ जातात, पण कीबोर्ड-पेनसकट त्यांची किंमत लॅपटॉपच्या वर जाते.

तेव्हा नवा झेपत नसेल तर जुना घ्या, कचेऱ्यांमधून निघालेले चांगले मिळतात. रॅम 8 जीबी हवी, एसएसडी हवी, आणि बॅटरी, बिजागऱ्या, कीबोर्डची प्रत्येक कळ दुकानातच तपासून घ्या. वजनाकडेही बघा, पोरगी रोज बसने जाणार. टॅब वाचायला तिच्याकडेच राहू दे, शोभेच्या कपाटात ठेवू नका.

निम्मे पैसे मी घालतो. भाचीच्या शिक्षणाला मामाने हात लावायचा नाही तर कोणी? भावजींना संकोच वाटला तर माझ्याशी फोनवर बोलू दे. प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आत घेऊन टाका.

तुझा,
धाकटा भाऊ