श्रावणीचा आवाज

२००६ साली तेलुगूत ‘बोम्मरिल्लू’ आला आणि दोनच वर्षांनी त्याचा तमिळ अवतार ‘संतोष सुब्रमणियम’. नायक बदलला, सिद्धार्थच्या जागी जयम रवी आला. दिग्दर्शकही बदलला. पण मुलाने काय ल्यावं, काय खावं हे स्वतःच ठरवणारा बाप दोन्हीकडे प्रकाश राज होते, आणि त्या शिस्तीच्या घरात बडबडत शिरणारी हासिनी दोन्हीकडे जिनिलिया.

तमिळ हासिनी मी डोंबिवलीत पाहिली, शेजारच्या मामींच्या टीव्हीवर. रेल्वेच्या, बँकेच्या, कारखान्यांच्या नोकऱ्या धरून कल्याण-डोंबिवलीत आलेली किती तरी तमिळ कुटुंबं इथलीच झाली, त्यांतलंच मामींचं एक. त्या मधूनमधून मला मराठीत अर्थ सांगत. त्यांच्या मराठीत कॉफी ‘तो’ असायची आणि दरवाजा ‘ती’, पण पाण्याच्या वेळेवरून भांडण निघालं की त्या मराठीतच भांडत आणि सोसायटीत त्यांच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे. परक्या भाषेत भांडता यायला लागलं की माणूस त्या गावचं होतं, असं मला त्यांच्याकडे पाहून वाटत आलं आहे.

पुढे कळलं की हासिनीचा तो अखंड वाहणारा आवाज जिनिलियाचा नव्हताच. तेलुगूतही नाही, तमिळमध्येही नाही. तो डबिंग कलावतीचा होता. दक्षिणेत ही रीत जुनी आहे आणि त्या कलावतींचं कसब मोठं आहे, त्यात कमीपणा काही नाही. तरी जिचं सगळं अस्तित्वच बडबडीत आहे, त्या मुलीचे ओठ एकीचे आणि आवाज दुसरीचा, हे मनातून जात नाही.

म्हणून ३० डिसेंबर २०२२ ला ‘वेड’ लागला तेव्हा मला सर्वांत आधी जिनिलियाचं मराठी ऐकायचं होतं. हाही मूळचा तेलुगूच. शिव निर्वाण यांचा २०१९चा ‘मजिली’. त्यात नाग चैतन्य आणि समंथा हे तेव्हाचं खरंखुरं जोडपं होतं. ‘वेड’मध्ये रितेश आणि जिनिलिया आले, आणि दिग्दर्शनही रितेशचंच, पहिलंवहिलं. या दोघांचा पहिला सिनेमा ‘तुझे मेरी कसम’, तोसुद्धा मल्याळम ‘निरम’वरून आलेला. म्हणजे त्यांची जोडी जमली तीच दुसऱ्या भाषेतून आलेल्या गोष्टीत.

ठाण्याच्या मॉलमधल्या भरलेल्या थिएटरात जिनिलियाची श्रावणी बोलली आणि मला फार बरं वाटलं. उच्चार कुठे कुठे घसरतात, एखादा ‘ळ’ हलका पडतो, पण आवाज तिचा स्वतःचा आहे. गंमत अशी की आयुष्यभर बडबडावी अशी हासिनी तिला उसन्या आवाजात मिळाली आणि स्वतःचा आवाज मिळाला तो अबोल श्रावणीसाठी.

श्रावणी फार अबोल आहे. नवऱ्याचं मन पहिल्या प्रेमात अडकलेलं, तो दारूत बुडालेला, घर तिच्या कमाईवर चाललेलं. तिचे वडील जावयाला नावं ठेवतात तर ही त्याचीच बाजू घेते. अशोक सराफ यांनी सासऱ्याच्या भूमिकेत तिच्याबद्दलची जी माया आणि जो संकोच दाखवला आहे, तो मला अख्ख्या सिनेमात सर्वांत खरा वाटला. अजय-अतुलच्या गाण्यांवर प्रेक्षक उभे राहून नाचले. पण श्रावणी मुकाट्याने वाट पाहत राहते आणि सिनेमा त्या वाट पाहण्याची आरती करतो, तिथे माझा जीव तुटतो.

‘वेड’चे संवाद प्राजक्त देशमुख यांचे. त्यांच्याच ‘संगीत देवबाभळी’ या नाटकात तुकोबांची आवली आहे. तिचाही नवरा दुसऱ्याच कुणाच्या वेडात, आणि भाकरी घेऊन डोंगर चढायचा तो तिने. पण आवली गप्प बसत नाही. ती विठ्ठलाला शिव्या घालते, रखुमाईसमोर मन मोकळं करते, आणि एवढं बोलूनही तिचं प्रेम तसूभर कमी होत नाही. गरोदर आवलीच्या पायातला काटा ज्या लेखकाने इतक्या जवळून पाहिला, त्याला श्रावणीला तसा एक बोलण्याचा प्रसंग देता आला नसता का? आला असता. मूळ गोष्टीच्या चौकटीत ती बाई गप्प होती, म्हणून मराठीतही ती गप्पच आली. गाव, नावं, गाणी, सासरे सगळं आपण आपलं करून घेतलं, तिचं मौन मात्र जसंच्या तसं राहिलं.

सकाळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात कितीतरी श्रावणी मला रोज भेटतात. घर चालवणाऱ्या, नवऱ्याचं दुखणं-खुपणं झाकणाऱ्या. त्या मायाही करतात आणि फोनवर सगळ्या डब्यासमोर नवऱ्याला झापतातही. संध्याकाळी त्याच्या औषधाची पट्टी घेऊन त्याच घरी जातात.

तेलुगू-तमिळ गोष्टी मराठीत आणखी याव्यात, मनापासून याव्यात. ‘सैराट’ कन्नडमध्ये गेला तेव्हा रिंकू राजगुरू स्वतः त्याच्याबरोबर गेली, तशी आपली माणसंही तिकडे जावीत. पण पुढच्या वेळी कुणी दिग्दर्शक अशी बायको मराठीत आणेल, तेव्हा त्याने मध्यंतराआधीच तिला एकदा कडाडून भांडू द्यावं. उच्चार चुकले तरी चालतील.