एव्हिल मारा, डॉक्टर!

माण-खटावच्या बाजूला गोठ्यात पाऊल टाकलं की निम्मं निदान आणि सगळा उपचार मालकानं ठरवून ठेवलेला असतो. गायीनं वैरण टाकली, एव्हिल. ताप आला, एव्हिल. पाय सुजला तरी तेच. त्या बाटलीत फेनिरामिन मॅलिएट असतं आणि ते फक्त हिस्टामिनची वाट अडवतं, एवढं सांगायला गेलं की, "ते असू द्या, पण एक मारा" असं उत्तर येतं. औषध स्वस्त, मेडिकलमध्ये हाताशी, आणि दुसऱ्या दिवशी जनावर आपोआप बरं झालं तरी श्रेय त्यालाच.

2022 साली लंपीची साथ आली तेव्हा गोठ्यांतली ही बडबड थोडी थांबली होती. जनावराच्या कातडीवर काहीही उठलेलं दिसलं की घरातल्या माणसांचा चेहरा उतरायचा. गोट पॉक्सची लस टोचत आम्ही गावोगाव फिरत होतो, त्यातच एका सकाळी फोन आला. संकरित जर्सी, रात्रीतून अंगभर गाठी, डोळे मिटलेत, श्वास जोरात.

गाय दावणीला अस्वस्थ होती. मानेपासून मांडीपर्यंत फुगवटे, पापण्या सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या, शेपटीखालचा भागही सुजलेला. थर्मामीटर लावला तर 101.4. लंपीत ताप चढतो, खांद्यापुढची गाठ सुजते, कातडीवरची गाठ बोटाला टणक लागते. इथं ताप नव्हता, खांद्यापुढची गाठ नेहमीएवढीच होती, आणि फुगवट्यावर अंगठा दाबून धरला तर तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. म्हणजे गांधी उठल्या होत्या. माणसाच्या अंगावर पित्त उठतं तोच प्रकार.

पण कशानं? पेंड नवी नव्हती. लस देऊन बरेच दिवस झाले होते. गांधीलमाशी, साप, शेजाऱ्यानं फवारलेलं औषध, सगळं विचारून झालं. मग मी खाली वाकलो. कास तटतटून भरलेली, सडांतून दूध ठिबकत होतं.

"धार कधी काढली?"

"न्हाई काढली, सायेब. आटवायला घेतलीया. साडेसात महिन्यांची गाभण हाय."

मालकानं एका दिवसात धार बंद करून टाकली होती. जर्सी आणि गर्न्सी या जातींच्या काही गायींना स्वतःच्याच दुधाचं वावडं असतं. कासेत दूध कोंडलं की त्यातलं केसीन हे प्रथिन रक्तात उतरतं, शरीर त्याला परकं समजतं, मास्ट पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं हिस्टामिन बाहेर पडतं. केशवाहिन्या झिरपायला लागतात, कातडीखाली पाणी साचतं. पुस्तकात हे दोन ओळींत उरकलेलं असतं. गोठ्यात त्या दोन ओळी उभ्या राहिलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

बॅगेत डेक्सामेथासोन होतं. अशा सुजेवर स्टेरॉइड देण्याकडे हात आपसूक जातो, पण साडेसात महिन्यांच्या गाभण गायीला ते दिलं तर वासरू अवेळी पडायची भीती. म्हणून फेनिरामिनच भरलं आणि मानेच्या मांसात दिलं. "शिरंत द्या की, लवकर उतरंल," मालक म्हणाला. शिरेत झटकन गेलं तर जनावर बिथरतं, झटकेही येऊ शकतात. माणसाला ज्या औषधानं पेंग येते त्याचं हे दुसरं रूप फार जणांना ठाऊक नसतं.

मग मी बादली मागवली.

"आटवायला घेतलीया आन् धार काढू?" तो माझ्याकडे बघतच राहिला. घरातल्या वहिनी मात्र काही न विचारता खाली बसल्या. कास मोकळी होत गेली तशी गाय शांत झाली. आधी पापण्या उतरल्या, मग मान. दुपारपर्यंत कातडी सपाट. पुढे खुराक कमी करून, धारांमधलं अंतर वाढवत वाढवत तिला सावकाश आटवली.

एव्हिल नेमकं काय करतं हे मला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कळलं होतं. गिनीपिगच्या आतड्याचा बोटभर तुकडा कोमट टायरोड द्रावणात टांगायचा आणि त्याला दोऱ्यानं तरफ जोडायची. काजळी धरलेला ड्रम फिरत असायचा. हिस्टामिनचे थेंब पडले की तुकडा आखडायचा आणि काजळीत पांढरं शिखर उमटायचं. आधी एव्हिलच्याच जातीचं मेपिरामिन घालून मग हिस्टामिन घातलं तर तरफ जागची हलत नसे. औषधानं हिस्टामिनची जागा अडवलेली असते, बस. हिस्टामिन नाहीसं होत नाही आणि झालेली सूजही औषध ओढून काढत नाही. डॅनियल बोव्हे यांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये 1937 साली असलं पहिलं द्रव्य दाखवलं ते गिनीपिगांवरच, आणि 1957 चा नोबेल त्यांना मिळाला. गिनीपिग हिस्टामिनला फार हळवा. गाय-म्हैस तशी नाही, आणि खरी गोम इथंच आहे.

ती पुढे एका मुऱ्हा म्हशीनं दाखवली. पायाच्या जखमेला पेनिसिलिन दिलं, सुई साफ करेपर्यंत म्हैस खोकली. मान लांब, कोपर बाहेर फाकलेले, तोंडाला फेस, जीभ निळसर. मागून ओरडा सुरू झाला, "एव्हिल मारा, एव्हिल!"

गुरांत वावड्याचा असा झटका सगळ्यांत आधी फुप्फुसावर येतो. कुत्र्यात यकृत आणि आतडी सापडतात, गुरांत श्वासच कोंडतो. त्यात हिस्टामिनचा वाटा थोडा. ल्युकोट्रायीन, किनीन, सेरोटोनिन ही बाकीची मंडळी जास्त भारी. घराला चार दारं असताना एकाला कडी लावून काय होणार? तिथं उपयोगी पडतं ॲड्रेनॅलिन. ते कुणाची वाट अडवत बसत नाही, सरळ उलटं काम करतं: ढिल्या रक्तवाहिन्या आवळतं, आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करतं. मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूल फोडून चार मिलिलिटर मांसात दिलं. म्हैस गुडघ्यावर आली, आडवी होते की काय असं वाटलं, आणि मग एक लांब श्वास तिनं आत घेतला.

उठून उभी राहिल्यावर मालक म्हणाला, "आता तरी एव्हिल मारा." दिलं. पाठीवर गांधी होत्याच, त्यांच्यापुरतं ते योग्य होतं.

कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर घेऊन दवाखान्याच्या नोंदवहीत लाल शाईनं लिहिलं, 'पेनिसिलिन देऊ नये'. पण म्हैस विकली की बिल्ला तिच्याबरोबर जातो, वही आमच्याकडेच राहते. म्हणून मालकाला बजावलं, विकताना घेणाऱ्याला हे सांगा.

तो हसला. "सायेब, आसं सांगितल्यावर गिऱ्हाईक दाम देतंय व्हय?"