दगडी बाक

नोकरीनिमित्त मुंबईत आल्यापासून रोजचे चार तास लोकलच्या गर्दीत जातात. गेल्या वर्षी वडिलांचे आजारपण आणि कार्यालयातील ताण यांनी मी इतका त्रासलो, की एका रात्री क्षुल्लक कारणावरून लहानग्या मुलीवर ओरडलो. ती रडली नाही, गप्प झाली. तिचे ते गप्प होणे मला सोसवेना.

त्या रविवारी मी तिला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांत नेले. काळ्या पाषाणात कोरलेली शंभराहून अधिक लेणी. ठिकठिकाणी पाण्याची टाकी, ओसरीत दगडी बाक. वर्षावासात भिक्खूंना निवारा, पाणी आणि बसण्यापुरती जागा एवढेच पुरत असे. त्या बाकावर आम्ही दोघे बसलो. आपल्या वसतिगृहात सायंकाळच्या घंटेनंतर पाळलेली पाच मिनिटांची शांतता आठवली. तेव्हा ती शिक्षा वाटे.

“पप्पा, आज तुम्हाला राग नाही आला,” मुलगी म्हणाली. मी तिची क्षमा मागितली.

कान्हेरीला वारंवार जाणे होत नाही. म्हणून घरात खिडकीपाशी एक पाट मांडला आहे. कामावरून परतल्यावर प्रथम पाच मिनिटे तेथे बसतो. वेळ संपल्याचे मुलगीच येऊन सांगते.