सोळा स्वप्नं, सोळा काड्यापेट्या



आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, आता दिसत नाही. मंदिरातल्या भिंतीवरची मरुदेवी मातेची सोळा स्वप्नं पुन्हा पाहायची त्यांची फार इच्छा. रंगवलेलं चित्र हाताला कसं लागणार? म्हणून मी ती कागदाची, उठावाची करायला घेतली. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात ती क्रमाने सांगितली आहेत. आधी ऐरावत हत्ती, मग पांढरा बैल, सिंह, लक्ष्मी, दोन माळा, चंद्र, सूर्य असं करत शेवटी रत्नांची रास आणि धूर नसलेला अग्नी.

सामान घरचंच. लग्नपत्रिकांचा जाड कागद (भगवंतांचं चित्र नसलेला भागच घेतला), छोटी कात्री, दाभण आणि सोळा रिकाम्या काड्यापेट्या. एका पेटीत एक स्वप्न. खळ रोज चमचाभर मैद्याची, ताजी. शिळ्या खळीत जीव पडतात. माशांचे खवले दाभणाने टोचून वर काढले, समुद्राच्या लाटांसाठी कागदाच्या पट्ट्या बोटावर वळवल्या.

ऐरावताने मात्र रडवलं. तिसऱ्यांदा सोंड फाटली, तेव्हा वैतागून तो चुरगाळला.

"काय चुरगाळलंस गं?" आईंनी आवाजावरून विचारलं.

"काही नाही आई, हत्ती बिघडला."

"हत्ती म्हणतेस, आणि चुरगाळतेस?"

एवढंच बोलल्या. मला यशोधर राजा आठवला. सोमदेवसूरींनी ९५९ साली यशस्तिलकात त्याची कथा लिहिली. त्याने बळी दिला तो पिठाच्या कोंबड्याचा, तरी त्याला आणि त्याच्या आईला जन्मामागून जन्म पशुयोनीत काढावे लागले. दशलक्षणात इतकी वर्षं ऐकलेली कथा! मी बी.कॉम., हिशेब पक्का : रद्दी कागद, किंमत शून्य. पण चुरगाळतानाचा राग कोणत्या खात्यात मांडायचा?

हत्ती उलगडला, तळहाताने सारखा केला, सोंडेला आतून पट्टी चिकटवली. सुरकुत्या काही गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आईंनी एकेक पेटी चाचपली. बैलाला सिंह म्हणाल्या, सूर्याला चंद्र. हत्ती मात्र बोट लागताच ओळखला.

"कालचाच ना हा? राहू दे असाच. कातडी हत्तीचीच झालीय."

सूर्याला आता किरणं लावायला बसलेय.