आजी, मेसी आणि हिंदी स्पीकिंग मार्केट

18 डिसेंबर 2022, रविवारची रात्र. माझी अख्खी पुण्याची गँग कुठल्याशा पबमध्ये मोठ्या स्क्रीनसमोर आणि मी बीडच्या घरी, मोबाईल टीव्हीला जोडायच्या खटपटीत. वर्ल्ड कपची फायनल. शेजारी आजी. वय ऐंशीच्या पुढे, फुटबॉलशी संबंध शून्य, पण नात एवढी जीव तोडून काय बघतेय म्हणून तीही पाय पसरून बसलेली.

जिओसिनेमावर भाषा निवडायची सोय होती. मी उत्साहात यादी उघडली. इंग्लिश, हिंदी, तमिळ, मल्याळम, बंगाली. संपली यादी. मी हिंदी लावलं. दर दोन मिनिटांनी आजीचा प्रश्न, "काय म्हणायलाय त्यो?" मग मी सांगायचं. तोवर बॉल दुसरीकडे. मेसी तिला आवडला. "त्यो बुटका पोरगा" गोल मारणार हे तिनं माझ्याआधी ओळखलं. पेनल्टीज संपेपर्यंत माझा घसा बसला होता.

पुण्यात माझी फ्लॅटमेट त्रिशूरची. केरला ब्लास्टर्सची मॅच असली की आमच्या हॉलमध्ये बसायची सोय नसते. ती ऑफिसात दिवसभर इंग्लिशमध्ये बोलते, रिक्षावाल्याशी मोडक्या हिंदीत भांडते, पण मॅच मल्याळममध्येच. शैजू दामोदरन या कॉमेंटेटरचा आवाज चढला की ती खुर्चीवर उभी. मला एक अक्षर कळत नाही, पण गोल झालाय हे शेजारच्या बिल्डिंगलाही कळतं.

माझं डोकं इथंच अडकलं. 2011 च्या जनगणनेनुसार मल्याळम मातृभाषा सांगणारे 3.48 कोटी. मराठी सांगणारे 8.30 कोटी. एकट्या बीड जिल्ह्यात 25.85 लाख माणसं. मग फुटबॉल त्यांच्या भाषेत आणि आम्ही भाषांतर करत बसायचं, असं का? (लोकसंख्येवर सगळं मिळत असतं तर बीड शहरात रेल्वे यायला 17 सप्टेंबर 2025 उजाडलं नसतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.)

मास कॉमला माझ्या वर्गात असलेली एक मैत्रीण आता जाहिरातींच्या वेळा विकत घेणाऱ्या एजन्सीत आहे. कॉफीवर तिला पकडलं. ती हसलीच. "अगं, तुम्ही हिंदीत मोजले जाता." तिनं टिश्यू पेपरवर भारत काढला आणि मध्ये एक आडवी रेघ मारली. टीव्हीच्या धंद्यात दक्षिणेतली राज्यं एकीकडे. उरलेला देश म्हणजे 'एचएसएम', हिंदी स्पीकिंग मार्केट. महाराष्ट्र या उरलेल्या देशात येतो. म्हणजे हिंदी फीडवर जाहिरात घेतली की नागपूर, नाशिक, बीड सगळं त्यात आलं. मराठीसाठी वेगळे कॉमेंटेटर, वेगळा स्टुडिओ, वेगळा खर्च करून जास्तीचं माणूस किती मिळणार? तिच्या मते फार नाही. कारण आपण हिंदीवर रागावून टीव्ही बंद करत नाही. मल्याळी माणूस करतो.

डोक्याला शॉट लागला, पण मुद्दा बिनतोड होता. भाषेचा भाव ती किती जण बोलतात यावर कमी, आणि ती दिली नाही तर किती जण उठून जातील यावर जास्त ठरतो. आणि आम्ही बीडकर तर काय, 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. बाजारात हिंदी-दखनी न कळणारा माणूस शोधावा लागेल. आजीलाही भाजीचा भाव हिंदीत पाडून मागता येतो. पण भाव करणं वेगळं आणि मॅच ऐकणं वेगळं.

आता मराठी कॉमेंट्री असती तर भारतीय फुटबॉलचं भलं झालं असतं, असं म्हणणं बालिश आहे. इंडियन सुपर लीगची अवस्था बघा ना. 2010 मध्ये फुटबॉल महासंघानं 15 वर्षांसाठी व्यावसायिक हक्क 700 कोटींना दिले. तो करार संपत आला तेव्हा नवं टेंडर काढलं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये मुदत संपली तरी एकही बोली आली नाही. इकडे आयपीएलच्या पाच सीझनचे प्रसारण हक्क 2022 मध्ये 48,390 कोटींना गेले. आधी बघणारे हवेत. कोल्हापुरात ते आहेत. पाटाकडील तालीम मंडळाची मॅच असली की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. पण ते प्रेम तालमीवरचं, पेठेवरचं. ते टीव्हीवरच्या लीगकडे वळवायचं तर कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलायला हवं होतं. आधी प्रेक्षक की आधी भाषा, हा कोंबडी-अंड्याचाच खेळ आहे, पण अंडं उबवायलासुद्धा कुणी बसलं नाही असं मला वाटतं. पुण्याची टीम तर 2019 मध्येच गुंडाळली गेली.

वेल्समध्ये कुणीतरी बसलं. तिथं वेल्श बोलणारे 2021 च्या जनगणनेत जेमतेम 5.38 लाख, म्हणजे बीड जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. त्यांना एस4सी नावाचं स्वतःचं चॅनल 1982 मध्ये मिळालं. त्याआधी ग्विनफोर एव्हन्स या नेत्यानं सरकारला आमरण उपोषणाची धमकी दिली होती. 'स्गोरिओ' हा त्यांचा फुटबॉलचा कार्यक्रम 1988 पासून वेल्शमध्ये चालू झाला. बाजारानं हे कधीच दिलं नसतं. इंग्लिश कळत नाही असा वेल्श माणूस कुठं सापडणार?

आपल्याकडे बाजारानंच थोडं दार उघडलं, पण क्रिकेटसाठी. 2023 ला आयपीएल मोबाईलवर फुकट आणि बारा भाषांत आली, त्यात मराठी होती. इंटरनेटवर एक भाषा वाढवायला अख्खं चॅनल काढावं लागत नाही, एवढंच त्यामागचं गणित. केदार जाधव मराठीत कॉमेंट्री करत होता आणि सीझन चालू असतानाच बंगलोरच्या टीमनं त्याला खेळायला बोलावून घेतलं. आजीला हे फार आवडलं. "बोलता बोलता खेळायला गेला?"

त्या उन्हाळ्यात तिनं मला एकदाही विचारलं नाही की तो काय म्हणतोय. ती स्वतःच मला सांगायची. मी शेजारी बसून मोबाईल चाळायचे. खरं सांगू? थोडं चुकल्यासारखं वाटायचं.

गेल्या खेपेला घरी गेले तर फुटबॉलची कुठलीशी मॅच चालू होती, हिंदीत. मैत्रिणीचं वाक्य आठवलं आणि मी रिमोट घेऊन आवाजच बंद केला. कुणाच्या हिशेबात हे येणार नव्हतं, माहीत होतं.

"आवाज कामून बंद केला गं?" आजी म्हणाली.

"मी सांगते ना," म्हटलं. "निळे आपले. डावीकडून निघालाय बघ तो..."