कृष्णसारांच्या कुरणांत

तंजावरास जाऊन सरफोजी महाराजांचा सरस्वती-महाल पाहणारे आपल्याकडील प्रवासी सहसा समुद्राकडे वळत नाहींत. परंतु तेथून आग्नेयेस, चोलमंडलाचा किनारा जेथें एकदम पश्चिमेकडे वळतो, त्या कोपऱ्यांत कोडियक्करै हें स्थळ आहे. इंग्रज त्यास पॉइंट कॅलिमियर म्हणत. जवळच्याच वेदारण्यम् येथें १९३० सालीं राजगोपालाचार्यांनीं मिठाचा सत्याग्रह केला.

मिठागरें, खारी दलदल, ठेंगणें सदाहरित रान आणि गवताळ माळ असा हा प्रदेश. हिवाळ्यांत दलदलींत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पण १९६७ सालीं येथें अभयारण्य झालें तें मुख्यत्वें काळविटासाठीं. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत ज्याच्या पाठीं लागतो, तोच हा कृष्णसार मृग. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत तर, कृष्णसार जेथें स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञास योग्य, असें सांगितलें आहे. ‘स्वभावतः’ या पदाचें महत्त्व या माळावर चांगलें पटतें.

कारण येथें काळविटांच्या शेजारीं रानटी झालेलीं तट्टेंही चरतात. मनुष्यानें पाळलेल्या घोड्यांची ही मोकाट संतति. देखावा मनोहर, पण शेजार विषम आहे. दोघांचाही मुख्य आहार गवतच. तट्टू काळविटाच्या कित्येक पट जड. तें रवंथ करीत नाहीं, म्हणून त्याला दिवसरात्र पुष्कळ चरावें लागतें. आणि वरखालच्या दोन्ही दांतांनीं तें गवत अगदीं बुडाशीं कातरतें.

याहून मोठें संकट वेड्या बाभळीचें. ही अमेरिकेंतून आलेली. तिच्या गोड शेंगा तट्टें आवडीनें खातात आणि लिदींतून बीं माळभर पेरतात. काळविटाचें रक्षण त्याच्या दृष्टींत व वेगांत. काट्यांच्या जाळींत दोन्ही निरुपयोगी. नराला आपली हद्द राखण्यासही मोकळी भूमि लागते.

मग तट्टांचा अपराध कोणता? कोणताच नाहीं. हाच काळवीट मनुष्यानें टेक्ससांत व अर्जेंटिनांत नेला आहे. तेथें परका तो ठरतो. जनावर जातीनें सज्जन वा दुर्जन नसतें. त्याला अस्थानीं नेऊन सोडणारा मनुष्यच उत्तरदायी होय. म्हणून त्याचें निराकरणही मनुष्यानेंच केलें पाहिजे. तट्टें न मारतां पकडून माणसांच्या आश्रयास न्यावीं आणि बाभळी मुळासकट काढाव्या. कित्येकांस यांत निर्दयता वाटेल. पण घोड्याला जगांत कोठेंही मनुष्याचें दार आहे. या काळविटांना हा माळ गेल्यावर दुसरें घर नाहीं. ज्याला जाण्यास ठिकाण आहे त्याला हलविणें, आणि ज्याला नाहीं त्याला राहूं देणें, हीच येथें खरी भूतदया.