तपासणे आणि वाचणे



उत्तर तपासणे आणि उत्तर वाचणे या दोन क्रिया आपण सहसा एकच मानतो. त्या भिन्न आहेत, ही जाणीव मला अभियांत्रिकी अभ्यासक्रमांतील स्वयंचलित मूल्यमापनाचा विचार करताना अधिक स्पष्टपणे झाली. विषय संगणकाचा वाटला, तरी तो आपल्या भाषाविचाराशी जवळून निगडित आहे.

१९६० साली अमेरिकेतील रेन्सेलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधील जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी विद्यार्थ्यांचे प्रोग्राम संगणकाकडूनच तपासून घेण्याच्या पद्धतीविषयी लेख प्रसिद्ध केला. त्या काळी प्रोग्राम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर असत. आज कार्डे गेली, पण मूळ तत्त्व टिकून आहे : प्रोग्रामला ठरावीक माहिती पुरवायची आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी जुळवून पाहायचे. यंत्र थकत नाही, ओळखपाळख पाहत नाही; निकाल तत्काळ मिळतो, चूक सुधारून पुन्हा प्रयत्न करता येतो. शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात हा लाभ लहान नव्हे.

आता एक उदाहरण घ्या. दिलेले वर्ष लीप वर्ष आहे की नाही, हे सांगणारा प्रोग्राम लिहायचा आहे. तपासणीसाठी १९००, २०००, २०२३ आणि २०२४ ही वर्षे ठेवली आहेत. एका विद्यार्थ्याने नियम समजून न घेता या चार वर्षांची चार उत्तरेच लिहून ठेवली. त्याला पूर्ण गुण मिळतील. दुसऱ्याने शतकवर्षांना ४०० ने भाग जावा लागतो हे नेमके ओळखले, पण उत्तरापुढे एक अनावश्यक पूर्णविराम दिला. शब्दशः जुळणी करणारे यंत्र त्याला शून्य देईल. तपासणीची वर्षे गुप्त ठेवली की पहिली पळवाट बंद होते. परंतु प्रोग्राम पुढे दुसऱ्या माणसालाही वाचावा लागतो, त्यातील नावे अर्थपूर्ण हवीत, मांडणी सुबोध हवी, हे केवळ उत्तर जुळवणाऱ्या यंत्राच्या गावीही नसते.

निबंधाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. एलिस पेज यांनी १९६६ मध्येच संगणकाद्वारे निबंधांना गुण देण्याची कल्पना मांडली होती. पुढे २०१४ मध्ये एमआयटीतील लेस पेरेलमन आणि त्यांच्या विद्यार्थी-सहकाऱ्यांनी भारदस्त शब्दांचे निरर्थक निबंध तयार करणारा ‘बॅबेल’ हा प्रोग्राम सिद्ध केला. गुणदान करणाऱ्या यंत्राने त्या निबंधांना उत्तम गुण दिले! शब्दांची लांबी मोजता येते. पण वाक्य कोणाला उद्देशून आहे, कशासाठी आहे, हे मोजमापात सापडत नाही.

मात्र सारा दोष यंत्रावर ढकलणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही. अपेक्षित मुद्दे दिसताच खुणा करत पाने उलटणारा परीक्षक आणि त्या खुणांसाठीच मुद्दे पाठ करणारा विद्यार्थी, हे दोघेही संगणकावाचून यंत्रच झालेले असतात. म्हणून मित्रहो, आपला स्वाध्याय लिहिताना हा विषय ठाऊक नसलेला, पण समजून घेण्यास उत्सुक असलेला एखादा माणूस समोर आहे, असे माना. त्याला पटेल असे उदाहरण द्या, त्याला पडेल त्या शंकेचे निरसन करा. तसे लिहिलेल्या उत्तराला किती गुण मिळतील हे मी सांगू शकत नाही. मात्र तो विषय तुमचा स्वतःचा झालेला असेल.